बोटभर चुना

लोहाऱ्याहून सास्तूरच्या बाजूला जाणारी जीप मला फाट्यावर सोडून पुढं जाते. तिथून चर्चचा फक्त घंटेचा मनोरा दिसतो, सोयाबीनच्या सपाट हिरव्या पट्ट्यावर उभा असलेला काळा दगड. निजामाच्या काळात एका परदेशी मिशनऱ्यानं हे चर्च बांधलं. आजूबाजूच्या गावांत कोणी त्याला चर्च म्हणत नाही. ‘मायचं देऊळ’ म्हणतात. आत मरियेची लाकडी मूर्ती आहे. सप्टेंबरच्या यात्रेत बायका तिला इरकल नेसवतात, खण-नारळानं ओटी भरतात आणि मग रांगेत उभं राहून मेणबत्त्या लावतात. त्यात ख्रिस्ती थोडे, बाकी सगळ्या जातीचे.

मी सोलापूरच्या एका प्रयोगशाळेत बांधकामाच्या साहित्याच्या चाचण्या करते. दगड, विटा, वाळू, चुना. जुन्या इमारतींचा चुना तपासणं हा माझा खास विषय. उन्हाळ्यात तिथल्या फादरांनी मला बोलावलं ते दक्षिणेच्या भिंतीतल्या भेगेसाठी.

भेग भूकंपातली. त्र्याण्णव साली भोवतालची दगड-मातीची घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली, आणि हे चर्च उभं राहिलं. त्यात चमत्कार नाही. घरांच्या दगडांत नुसती माती होती, चर्चच्या दगडांत चुना होता, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे लांब दगड जागोजाग घातले होते. भिंत हलली, एका ठिकाणी फाटली आणि थांबली. वरच्या बाजूला भेग केसासारखी बारीक आहे. खाली, जमिनीपासून गुडघ्याच्या जरा वर, ती बोट जाईल इतकी रुंद होते. बाहेरून पाहिलं तर भिंत अखंड आहे. भेग आरपार गेलेली नाही. मी बाहेरचा सगळा दगड हातोडीनं ठोकून ऐकला होता.

यात्रेची एक रीत याच जागी आहे. येणारा माणूस भिंतीपाशी गुडघे टेकतो, शेजारच्या गाडग्यातला ओला चुना बोटावर घेतो, आपल्या मेलेल्या माणसाचं नाव मनात घेतो आणि चुना भेगेत सारतो. ‘भेग भरणं’ म्हणतात त्याला. भूकंपातल्या माणसांसाठी सुरू झालं, आता कोणासाठीही करतात.

गाडग्यावर ओलं फडकं टाकून प्रेमाबाई बसलेल्या असत. सत्तरीच्या, सडपातळ, गळ्यात इष्टलिंग. त्यांचं शेत चर्चच्या कुंपणाला लागून. लिंगायत बाई चर्चमध्ये चुना सांभाळत बसते याचं तिथं कोणाला नवल नव्हतं. मी मोजमापं घेत असताना त्यांनी मला पान लावून दिलं आणि त्यांच्या चंचीतल्या चुन्याच्या डबीकडं बघत आपणहून सांगायला लागल्या.

“माझी ल्हानी लई खोडीची हुती. महेश्वरी. चंची दिसली की चुन्यात बोट. तोंड भाजायचं, तरी चाटायची.”

मी म्हणाले, अंगात कॅल्शियम कमी असलं की मुलं माती, खडू, चुना खातात.

“व्हय. डॉक्टर बी तेच म्हणला हुता.” त्यांनी सुपारी कातरली. “आदल्या दिशी तिचा वरचा दात पडला. म्या माळवदावर फेकला, नवा लवकर यावा म्हणून. दुसऱ्या दिशी माळवदच न्हाय राहिलं.”

घरातले सगळे सापडले होते. सासू, दीर, गोठ्यातल्या म्हशीसुद्धा. महेश्वरी सापडली नाही. ढिगारा पार जमिनीपर्यंत उपसला तरी नाही.

“आमच्यात बसवून पुरतेत, म्याडम. पर बसवाया काय तरी हाती लागाया पायजे.”

त्या दिवसांत चर्चमध्ये जखमींना ठेवलं होतं. प्रेमाबाई या भिंतीला टेकून बसून राहिल्या. कोणीतरी हातात चंची दिली. पान लावताना बोटावर उरलेला चुना त्यांनी सवयीनं भेगेच्या कडेला पुसला. नंतर रोज पुसायला लागल्या. बघणाऱ्यांना वाटलं, बाई भेग बुजवते आहे. तेही बुजवायला लागले.

एवढं सांगून त्यांनी बोटावर चुना घेतला, वाकून भेगेत बोट घातलं आणि काढलं. नंतर मीही तसंच केलं. माझं बोट चुन्यानं पांढरं झालेलं होतं, मी ते रुमालाला पुसलं. त्यांचं स्वच्छ होतं. मी तेव्हा त्याची नोंद घेतली ती एवढीच, की त्यांची कातडी कोरडी आहे.

आणखी एका गोष्टीचा मला मेळ लावता आला नव्हता. इतकी वर्षं इतक्या माणसांनी चुना घातला, तर ती जागा केव्हाच भरून यायला हवी होती. मी त्याचं कारण अहवालात दिलं : जाड भिंतीच्या पोटात दगडांच्या तुकड्यांची भर असते, तिच्यात पोकळ्या असतात, चुना तिथं उतरत असावा. ‘असावा’ हा शब्द मी अहवालात सहसा वापरत नाही.

बाकी अहवाल स्पष्ट होता. भिंत सुरक्षित आहे. भेग वाढत नाही. सिमेंट कोणत्याही परिस्थितीत वापरू नये, कारण ते ओल कोंडतं आणि जुना चुना कुजवतं. यात्रेकरूंची रीत भिंतीला अपायकारक नाही.

ऑगस्टच्या शेवटी फादरांचा फोन आला. जरा येऊन जाल का, थोडं अवघड झालं आहे, असं ते चाचरत म्हणाले.

फाट्यावरच फ्लेक्स लागला होता. तीर्थक्षेत्र विकास समिती, मध्यभागी समितीचे अध्यक्ष रणधीर यांचा फोटो, खाली माझं नाव. ‘यांच्या तज्ज्ञ मार्गदर्शनाखाली जीर्णोद्धार.’ माझं वाक्यही होतं, अर्धं. ‘भिंत सुरक्षित आहे.’ मी तिथं उन्हात उभी राहून ते वाचलं आणि माझे कान तापले. चुकीचं काम करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. माझ्या सहीखाली चुकीचं काम करणारी पहिल्यांदाच पाहत होते.

आत दक्षिणेच्या भिंतीला लोखंडी जाळी ठोकली होती. जुन्या दगडात भोकं पाडून, प्लास्टिकच्या खुंट्या घालून. वरचा भाग चकचकीत टाइलनं झाकायला घेतला होता. भेग करड्या सिमेंटनं भरलेली. फक्त खाली, रुंद भागात, ती उघडी होती, आणि जाळीच्या आत फरशीवर सिमेंटचे घट्ट तुकडे पडले होते.

प्रेमाबाई बाहेर, चिंचेखाली बसल्या होत्या. त्यांना आत यायला बंदी केली होती.

रणधीर चाळिशीतला, पांढऱ्या कपड्यातला, हसऱ्या तोंडाचा माणूस. त्यानं मला चहा मागवला आणि समजावून सांगितलं. सिमेंट दोनदा भरलं, दोनदा निघालं. म्हातारी कुंपणातून येते आणि पहारीनं उकरते. यात्रा तोंडावर आली आहे. आता पोलिसात अर्ज द्यायचा, म्हणजे यात्रेत तिला फाटकाच्या आत घेणार नाहीत, आणि नंतरही नाहीत.

“गावाला चुना लावला म्हातारीनं इतकी वर्षं,” तो म्हणाला, आणि त्याच्या मागची माणसं हसली.

मी विचारलं, माझा अहवाल पूर्ण वाचला होता का. तो म्हणाला, वाचला. मी विचारलं, मग सिमेंट का.

तेव्हा त्याचं हसू गेलं. “म्याडम, मी धा वर्षांचा हुतो. ह्या हातानं दगडं उचललेत. दगडाखाली आमचं कोण कोण हुतं ते तुमच्या कागदात न्हाय. मला ह्या देवळात एक उघडा दगड दिसाया नको.”

मला त्याची कीव आली आणि राग गेला नाही. दुःख असलं म्हणून माणसाला दुसऱ्याचं वाक्य अर्धं कापायचा हक्क मिळत नाही, आणि एका म्हातारीवर आळ घ्यायचा तर मुळीच नाही. मी फादरांकडं पाहिलं. ते जपमाळेशी चाळा करत होते. आपण शांततेनं घेऊ, ते म्हणाले. मी त्यांना म्हणाले, शांततेनं घेतल्यामुळंच ही जाळी इथं आहे.

मग मी फरशीवरचे तुकडे तपासले. पहारीचा ओरखडा एकावरही नव्हता. भेगेच्या कडेचा जुना चुना शाबूत होता. बाहेरून उकरलं असतं तर आधी तो फुटला असता. जाळीचं कुलूपही जागेवर होतं. मी हे सगळं दाखवलं. रणधीर म्हणाला, म्हाताऱ्या बायकांना लई युक्त्या असतात.

“मग आत्ता भरा,” मी म्हणाले. “माझ्यासमोर. दारं बंद करा, किल्ल्या तुमच्या खिशात ठेवा. प्रेमाबाई माझ्याशेजारी बसतील. संध्याकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेपर्यंत सिमेंट टिकलं, तर तुमचा अर्ज घेऊन मी स्वतः चौकीत येते. निघालं, तर ही जाळी उतरवायची, टाइल काढायच्या आणि तो फ्लेक्स फाडायचा. आणि प्रेमाबाईंची माफी मागायची.”

मला काय होणार ते ठाऊक होतं असं नाही. ओलसर चुन्यावर सिमेंट नीट धरत नाही हे मला ठाऊक होतं. पण ते सुटायला महिने लागतात, दुपार पुरत नाही. रागाच्या भरात मी प्रेमाबाईंचं उरलेलं आयुष्य एका दुपारवर लावलं होतं. हे मला बोलून झाल्यावर कळलं.

रणधीरनं हसत मान्य केलं. गवंडी सिद्धाराम होता. त्यानं मोरीची गळती थांबवायला वापरतात ते लवकर घट्ट होणारं सिमेंट कालवलं. भरायला मात्र तो तयार होईना. कानडीत काहीतरी पुटपुटला. विचारलं तर म्हणाला, मागच्या वेळी भरताना माल आत ओढल्यासारखा झाला आणि मग परत ढकलल्यासारखा. रणधीर म्हणाला, बायकोला भितोस, आता भिंतीला बी भितोस का. मग त्यानं स्वतः बाह्या सारल्या आणि थापीनं सिमेंट खोलवर दाबलं. नीट भरलं, मी पाहिलं. वरून पुसून गुळगुळीत केलं. जाळीला कुलूप. दोन्ही दारांना कुलपं. खिडक्या उंचावर, गजांच्या.

आम्ही चिंचेखाली बसलो. ऊन होतं, वारा नव्हता. फादर प्रार्थनेचं पुस्तक उघडून एकाच पानावर बसले होते.  प्रेमाबाईंनी चंची उघडली, पान काढलं, देठ खुडला. चुन्याची डबी उघडली आणि तशीच हातात धरून राहिल्या.

“सकाळपासनं काय न्हाय दिलं,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, स्वतःच्या जेवणाबद्दल बोलत आहेत. माझ्याकडं बिस्किटं होती, ती मी पुढं केली. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं शाळेत मंद मुलीकडं बाई बघतात.

उन्हं कलायला लागली तेव्हा आतून आवाज आला. मोठा नाही. फरशीवर खडा पडावा तसा.

रणधीर उठला. मी त्याला बसायला सांगितलं नाही.

पुन्हा एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक वेगळाच आवाज, बारीक आणि सलग, खरवडल्यासारखा. उंदीर, कोणीतरी म्हणालं. 

प्रेमाबाईंनी डबीचं झाकण लावलं.

किल्ल्या रणधीरच्याच खिशात होत्या. त्यानं कुलूप काढलं. आत मेणाचा आणि ओल्या दगडाचा वास होता, आणि त्यात आणखी एक वास. मी तो ओळखला, पण लगेच कबूल केला नाही. झोपून उठलेल्या लहान मुलाच्या तोंडाला येतो तो.

जाळीच्या आत फरशीवर सिमेंट पडलेलं होतं. तुकडे ओले नव्हते. घट्ट झाल्यावर सुटलेले होते. भेगेचं रुंद तोंड उघडं होतं.

कोणी पुढं जाईना. रणधीरकडून किल्ली घेऊन जाळीचं कुलूप मी काढलं. गुडघे टेकले. त्या जागी प्रत्येकाला गुडघे टेकावे लागतात. लोक त्याला भक्ती समजतात. मला पहिल्यांदाच वाटलं, ही उंची कोणत्या तरी माणसाची आहे. बसलेल्या, लहान माणसाची.

मोठा तुकडा उचलून मी पालथा केला.

भिंतीच्या आतल्या बाजूचं अंग खडबडीत हवं होतं, आतल्या दगडांचा ठसा घेतलेलं. ते गुळगुळीत होतं. त्यावर जवळजवळ, जोडीनं ओढलेल्या अरुंद रेघा होत्या. पेरू खरवडून खाल्ल्यावर उरतात तशा. सिमेंट ओलं असतानाच्या. रेघांच्या मधोमध, प्रत्येक ठिकाणी, एक जागा कोरी सुटलेली होती.

एका दाताच्या रुंदीची.

“काय हाय?” रणधीरनं मागून विचारलं.

मी तुकडा ओढणीत गुंडाळला. उठले. आणि त्याला सांगितलं, की भिंतीच्या पोटात ओल आहे, लवकर घट्ट होणारं सिमेंट तापतं आणि फुगतं, जुन्या चुन्याला चिकटत नाही, म्हणून बाहेर फेकलं जातं. माझा आवाज स्थिर होता. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्या दुपारी जे झालं, त्याला मात्र त्यातलं एकही लागू नव्हतं.

त्याला ते पटलं की पटवून घ्यावंसं वाटलं, मला माहीत नाही. त्यानं त्याच संध्याकाळी जाळी उतरवायला लावली. प्रेमाबाईंसमोर उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, “चुकलं, काकू.” त्या म्हणाल्या, “तू बी लेकरूच हुतास.” आणि त्याच्या बाजूनं आत गेल्या, खाली बसल्या, डबीत बोट बुडवलं. भिंतीला लागून बराच वेळ बसल्या. त्यांचं बोट बाहेर आलं तेव्हा मी पाहिलं. स्वच्छ होतं. ओलंही होतं.

यात्रा नेहमीसारखी झाली, असं फादरांनी कळवलं. फ्लेक्स मात्र फाट्यावर तसाच होता. मी लेखी तक्रार केली तेव्हा उतरला.

सिमेंटचा तो तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे. प्रयोगशाळेत मी तो कोणाला दाखवला नाही. दाखवला तर पहिला प्रश्न नमुना कुठून घेतला हा असेल, आणि दुसरा, तिथं मागं कोण होतं.

थंडीत मी पुन्हा गेले. सिमेंट भरल्यानं भेगेच्या कडेचा जुना चुना किती बिघडला ते पाहणं माझं काम होतं. रूढ गोष्ट आहे, दुरुस्तीनंतर तपासणी करतात. प्रेमाबाई गाडग्यापाशी होत्या. तब्येत बरी दिसली. त्यांनी मला पान लावून दिलं आणि मी भेगेच्या तोंडाशी सुकलेला चुन्याचा एक पापुद्रा चिमट्यानं सोडवत असताना, वर न बघता म्हणाल्या, “जपून. आता सगळं खाती.”

सोलापूरला आल्यावर मी तो पापुद्रा भिंगाखाली धरला. आतलं अंग वर केलं. रेघा होत्या, तशाच, जोडीनं. मधली जागा मी शोधत होते. ती कोरी नव्हती. तिथं एक नवी, अरुंद रेघ होती आणि तिचा तळ बारीक करवतीसारखा दातेरी होता.

मुलांचा पुढचा पक्का दात नुकता येतो तेव्हा त्याची कड अशीच दातेरी असते. पुढं खाऊन खाऊन ती झिजते.

ही अजून झिजलेली नव्हती.